द्राक्षबागेतली माती, तांबं आणि गांडुळं : प्रकल्प नोंदी

३ जुलै

कामाला सुरुवात. निफाड तालुक्यातली तीन शेतं ठरली. पहिली नानांची जुनी बाग, २५ वर्षं झालीत, मांडव तोच, वेली एकदा बदलल्यात. दुसरी त्यांच्याच चुलतभावाची ७ वर्षांची बाग. तिसरं शेजारचं सोयाबीन-गव्हाचं रान, तिथे द्राक्ष कधीच नव्हतं. प्रश्न एकच आहे, वर्षानुवर्षं बोर्डो मारून मातीत जे तांबं साठलंय त्याचा मातीतल्या जिवांना, मुख्यतः गांडुळांना, धोका आहे का आणि असला तर किती.

बोर्डो मिश्रण म्हणजे मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि चुना, १८८० च्या दशकात फ्रान्समध्ये बोर्डो भागातल्या द्राक्षांवरच केवडा या बुरशीच्या रोगासाठी निघालं, म्हणून नाव तसं. आपल्याकडे केवडा, करपा दोन्हीला चालतं, स्वस्त आहे, पावसात टिकतं आणि बुरशीला त्याची सवय होत नाही, त्यामुळे ते सुटणार नाही आणि "सोडा" असं सांगायला मी आलेलीही नाही. पण तांबं कुजत नाही, विरत नाही. जे टाकलं ते तिथेच राहतं.

५ जुलै

नानांची फवारणीची वही घेऊन बसले. एक्स्पोर्टची बाग असल्यामुळे नोंदी पक्क्या आहेत, तारीख, औषध, प्रमाण, किती लिटर पाणी, सगळं. जुन्या वह्या आजींनी पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या, त्या पण काढून दिल्या, वाळवीने दोन वर्षं खाल्लीत पण बाकी वाचता येतंय.

हिशोब असा. १ टक्का बोर्डो म्हणजे १०० लिटरला १ किलो मोरचूद. एकरी ४०० लिटर धरलं तर ४ किलो मोरचूद, आणि मोरचुदात तांबं साधारण चौथा हिस्सा, म्हणजे एका फवारणीला एकरी १ किलो तांबं. एकरभर मातीचा वरचा २० सेंमी थर अंदाजे ९७० टन भरतो (घनता १.२ धरून), म्हणजे ते १ किलो सगळीकडे नीट मिसळलं तर किलोमागे १ मिलिग्रॅमची भर. पण बागेत नांगर कुठे चालतो? पानावरचं तांबं पावसाने आणि पानगळीने खाली येतं आणि वरच्या ५ सेंमीतच बसतं, मग तोच आकडा ४ होतो. अशा फवारण्या वर्षाला चार-पाच आणि वर्षं पंचवीस, गुणाकार ज्याचा त्याने करावा. युरोपियन युनियनने यावर २०१९ पासून हेक्टरी ७ वर्षांत २८ किलो अशी मर्यादा घातली आहे, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो. आपल्या वरच्या हिशोबात हेक्टरी एका फवारणीलाच अडीच किलो होतं.

वहीत आणखी एक गोष्ट दिसली, मध्ये सात-आठ वर्षं कार्बेन्डॅझिम हे बुरशीनाशक बरंच वापरलंय. हे महत्त्वाचं आहे कारण कार्बेन्डॅझिम गांडुळांना इतकं लागतं की प्रयोगशाळेत चाचणी बरोबर चालली आहे का हे तपासायला मुद्दाम तेच विष वापरतात. तेव्हा गांडुळं कमी दिसली तर सगळा दोष तांब्यावर टाकता येणार नाही, हे आत्ताच लिहून ठेवते.

९ जुलै

नमुने कुठे घ्यायचे यावर आज दादाशी (माझा सहकारी, लॅबची बाजू तोच बघतो) तासभर वाद झाला. तो म्हणत होता की माती परीक्षणाला घेतो तसेच घ्यायचे, नागमोडी चालत जायचं, १०-१२ ठिकाणी व्ही आकाराचा २०-२२ सेंमीचा खड्डा, सगळं एकत्र करून चार भाग, समोरासमोरचे दोन टाकायचे, शेवटी अर्धा किलो. ती पद्धत खताचा डोस काढायला चांगलीच आहे, पण तिच्या सूचना परत वाचा ना. बांधाजवळ घेऊ नका, झाडाखाली नको, पाणथळ जागी नको, शेणखताच्या ढिगाजवळ नको. म्हणजे गांडूळ जिथे जिथे राहतं ती प्रत्येक जागा वगळायची! आणि २२ सेंमी एकत्र केलं की वरच्या ५ सेंमीतलं तांबं खालच्या स्वच्छ मातीत पातळ होऊन जातं, रिपोर्ट छान येतो, पण पानाखाली राहणारा जीव तर त्या ५ सेंमीतच आहे, त्याला सरासरी माती खायला मिळत नाही.

शेवटी ठरलं ते असं. बागेचे चार भाग करायचे: ड्रिपरच्या बरोबर खाली बोदावर (वेलींच्या ओळीचा मातीचा उंचवटा), बोदावर दोन ड्रिपरच्या मध्ये, ट्रॅक्टरच्या चाकोरीत, आणि दोन ओळींच्या मधोमध. प्रत्येक ठिकाणी २५ बाय २५ सेंमीचा चौकोन, थर ०-५, ५-१०, १०-२०, २०-३०. एका खड्ड्यातली गांडुळं आणि त्याच खड्ड्यातली माती यांची जोडी तुटता कामा नये, एकत्र काही करायचं नाही. खर्च वाढतो, खूप वाढतो, पण पाच खड्ड्यांची माती मिसळून आणि गांडुळं वेगळी मोजून कुठलाच संबंध लावता येत नाही.

तुलनेच्या रानाबद्दल पण बोललो. पावसाळ्यात वारा पश्चिमेकडून, फवारा उडून पूर्वेला जातो, म्हणून सोयाबीनच्या रानातले खड्डे बागेच्या पश्चिमेच्या बाजूला आणि बांधापासून आत घ्यायचे.

१४ जुलै

पहिला दिवस वाया गेला. पूर्ण वाया.

सहा खड्डे झाले, माती वेगळी केली, गांडुळं मोजली, संध्याकाळी लॅबमध्ये दादाने २ मिमीच्या चाळणीतून पहिले तीन नमुने काढले आणि चौथ्याला हात थांबवला. चाळणी पितळेची. जाळी पण पितळेची, काठ पण पितळेचा. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्ही तांबं मोजायला निघालोय आणि माती तांब्यावरच घासतोय. ती चाळणी दुसऱ्या एका लॅबकडून उसनी आणलेली, तिथे सगळ्या अशाच आहेत, त्यांना विचारलं तर म्हणाले आजवर कोणी हरकत घेतली नाही. स्टीलची मागवली, चार दिवस लागतील. तीन नमुने बाद केले, उरलेले न चाळता ठेवले.

त्यानिमित्ताने सगळं सामान तपासलं. फावडं लोखंडी, चालेल. घमेलं गॅल्व्हनाइझ्ड होतं, म्हणजे जस्ताचा मुलामा, ते काढून प्लास्टिकचं टब घेतलं. खुरपी स्टीलची. रंग दिलेलं काहीच वापरायचं नाही.

१५ जुलै

गांडुळांसाठी ठेवायच्या मातीचं वेगळं वळण आहे ते टीममधल्या नव्या पोरांसाठी लिहिते. रासायनिक तपासणीची माती सावलीत वाळवायची, चालतं. पण जिच्यात पुढे जिवंत गांडुळं सोडायचीत ती माती वाळवायची नाही, गोठवायची तर अजिबात नाही, अंधारात ४ अंशाला ठेवायची, पिशवीचं तोंड घट्ट बांधायचं नाही, आणि चाळायची ती ४-५ मिमीच्या चाळणीतून. काळी माती पूर्ण वाळली की दगड होते आणि परत भिजवली तरी ती पहिली माती राहत नाही, तिच्यातले जिवाणू, तिची रचना, सगळं बदलतं. परवा गाडीच्या डिकीत दोन पिशव्या दुपारभर राहिल्या, हात लावला तर गरम, त्या टाकून दिल्या.

२१ जुलै

नवी चाळणी आली, पुन्हा सुरुवात. आजचा खड्डा नीट लिहून ठेवते कारण यावर पुढचं सगळं अवलंबून आहे.

जुनी बाग, ओळ ६, ड्रिपरच्या खाली. वर पानांचा थर. हात घातला तर पानं एकमेकांना चिकटलेली, ओल्या वहीच्या कागदांसारखी थरावर थर, आणि ती गेल्या हंगामाचीच नाहीत, खालची त्याच्याही आधीची वाटतात, शिरा शाबूत, कडा शाबूत, कोणी कुरतडलेलं नाही. जुलैचा तिसरा आठवडा आहे, ठिबकाची ओल आहे, पाऊस झालाय, एवढ्यात या पानांची चाळण व्हायला हवी होती. सोयाबीनच्या रानात गव्हाचं काड पडलेलं, ते निम्मं मातीत ओढून नेलेलं, बोटभर भोकं, भोकाच्या तोंडाशी विष्ठेच्या गोळ्यांची रास. इथे एक रास नाही.

इंग्लंडमध्ये विस्बेचजवळच्या सफरचंदाच्या बागांत १९६१ सालच्या कामात नेमकं हेच नोंदवलं होतं, वर्षानुवर्षं तांब्याची फवारणी, मातीत तांबं साठलेलं आणि वर न कुजलेला पाला. मी ते पूर्वी वाचलेलं, पण हाताला लागलं तेव्हा कळलं.

मोजणी: ०-५ सेंमीत काही नाही. ५-१० मध्ये २. १०-२० मध्ये ९. एकूण ११, त्यात पट्टा असलेली, म्हणजे वयात आलेली, २. सोयाबीनच्या खड्ड्यात १७, त्यातली ८ वरच्या दहा सेंमीत, पट्टेवाली ६. एका खड्ड्यावरून काहीही बोलायचं नाही, हे मी स्वतःला दर अर्ध्या तासाने सांगतेय. चाकोरीत शून्य, पण तिथे माती इतकी दबलेली की पहारीशिवाय निघेना, ते तांब्याचं नाही ट्रॅक्टरचं काम आहे.

पोरांसाठी: तुटलेलं गांडूळ असेल तर फक्त डोक्याकडचा तुकडा मोजायचा, नाहीतर एकाची दोन होतात. काळ्या मातीत ढेकूळ हाताने फोडायचं, फावड्याने नाही. एका खड्ड्याला सव्वा तास लागतो, लागू द्या.

२३ जुलै

नानांच्या आई दुपारी चहा घेऊन बागेत आल्या, खड्डा बघून म्हणाल्या, "पूर्वी या रानात नांगर धरला की मागं बगळ्यांची रांग लागायची, पोरं हाकलून दमायची." मी विचारलं कधीपर्यंत, तर म्हणाल्या "मांडव पडला आन नांगरच गेला ना ताई, बगळा येईल कशाला." बरोबर आहे, तेव्हा ही आठवण तांब्याचा पुरावा म्हणून वापरता येत नाही, पण या मातीत पूर्वी भरपूर गांडूळ होतं एवढं तरी त्यातून कळतं. नोंद केली.

२७ जुलै

मोहरीचं पाणी करून बघितलं. मोहरीची पूड रात्रभर भिजवून, लिटरला १० ग्रॅम, चौकोनात ओतलं की खोल बिळातली गांडुळं आग होऊन वर येतात, फॉर्मॅलिनपेक्षा हे बरं, ना आपल्याला त्रास ना मातीला. सोयाबीनच्या रानात दहा मिनिटांत तीन मोठी वर आली, धुऊन घेतली. बागेत मात्र पाणी थांबेना, ओतलं की गायब, शेवटी लक्षात आलं की बोदाच्या कडेला जुनी भेग आहे आणि सगळं तिच्यातून खाली चाललंय. काळ्या मातीत भेगा बुजल्याशिवाय ही पद्धत विश्वासाची नाही. मध्य ऑगस्टला परत करू.

२ ऑगस्ट

आज चुलतभावाच्या ७ वर्षांच्या बागेत मोठा घोळ झाला असता.

थरांची माती वेगळी करताना १२-१३ सेंमीवर रंग बदलला. वरची मऊ, पोयट्याची, राखाडी, खालची काळीभोर चिकट. दादाने ते खालचा थर म्हणून लिहून पण टाकलं. मी म्हटलं थांब, विचारू. भाऊंना हाक मारली तर म्हणाले, "हा गाळ आहे ताई, तीन वर्षांमागं धरणातून ट्रॉल्या आणल्या, बोदावर पांगवला." म्हणजे सुरुवातीच्या चार वर्षांचं तांबं आता १२ सेंमीखाली गाडलेलं आहे आणि वर नवी माती. आम्ही ०-५ आणि ५-१० मोजून "नव्या बागेत तांबं कमी" असं लिहिलं असतं, जे त्या थरापुरतं खरं आणि अर्थाने चूक.

फॉर्मवर आजपासून पहिला प्रश्न हाच: गाळ, पोयटा, मुरूम, बाहेरची माती कधी टाकली का, किती, कुठे. खड्ड्याच्या आधी विचारायचं. ज्याने रान कसलंय त्याला मातीचा इतिहास पाठ असतो, आपण विचारत नाही एवढंच.

या बागेत थर आता रंगाप्रमाणे, सेंमीप्रमाणे नाही.

३ ऑगस्ट

नानांकडची मृद आरोग्य पत्रिका बघितली. १२ घटक आहेत, त्यात तांबं पण आहे, समोर शेरा "पुरेसे". हे डीटीपीए पद्धतीचं तांबं, म्हणजे पिकाला मिळू शकणारं, आणि ०.२ मिलिग्रॅमच्या वर गेलं की पुरेसं. ती खालची रेघ आहे, पिकाला कमी पडतंय का एवढंच बघणारी. वरची रेघच नाही, कितीही वाढलं तरी शेरा तोच. कार्ड चुकीचं नाही, पण प्रश्न गांडुळाचा असेल तर त्याचं उत्तर त्यात नाही, आणि नानांना इतकी वर्षं "पुरेसे" वाचून सगळं ठीक वाटत होतं याचं मला वाईट वाटलं.

एकूण तांब्याचंही सरळ नाही. दख्खनचा बेसॉल्ट मुळातच तांब्याने श्रीमंत, त्यापासून झालेली काळी माती पण. युरोपभरच्या नमुन्यांत सगळ्या जमिनींची सरासरी किलोमागे १७ मिलिग्रॅमच्या आसपास आणि द्राक्षबागांची ४९ च्या आसपास आली होती. आपल्या न फवारलेल्या काळ्या मातीत त्याहून जास्त निघू शकतं, तेही दगडातून आलेलं, घट्ट बांधलेलं. तेव्हा तिकडच्या मर्यादा उचलून इथे लावायच्या नाहीत. शेजारचं न फवारलेलं रान हीच आपली मोजपट्टी. आणि आपली माती विम्लधर्मी, चिकणमाती भरपूर, दोन्हीमुळे तांबं अडकून राहतं, म्हणजे धोका आकड्यावरून वाटतो त्याहून कमी असू शकतो. हे बागाईतदाराच्या बाजूचं आहे, तेही तितक्याच स्पष्टपणे रिपोर्टात यायला हवं.

११ ऑगस्ट

खाद्यपट्ट्या लावल्या. प्लास्टिकची अरुंद पट्टी, त्यात एकाखाली एक १६ बारीक भोकं, अर्धा-अर्धा सेंमीवर, भोकांत सेल्युलोज, गव्हाचा कोंडा आणि थोडा कोळसा यांचा लगदा भरायचा. मातीत उभी खोचायची, किती खोलीवरचं किती खाल्लं ते दिसतं. ओल्या काळ्या मातीत पट्टी नुसती दाबली की लगदा निघून येतो, आधी सुरीने फट पाडायची. १४ दिवस ठेवणार.

२५ ऑगस्ट

पट्ट्या काढल्या, धुतल्या, खिडकीशी धरून बघितल्या. सोयाबीनच्या रानातल्या पट्टीत वरच्या सहा-सात भोकांतून आरपार उजेड येतो. जुन्या बागेतल्या ड्रिपरखालच्या पट्टीत उलटं, वरची चार काळी भरलेली, जशी लावली तशी, आणि उजेड पाचव्यापासून पुढे. दोन सेंमी माती जिथे कोणी जेवत नाही. सगळ्या पट्ट्या अशा नाहीत, काहींत वरही खाल्लंय, पण बऱ्याच आहेत आणि पान न कुजण्याशी हे जुळतं.

दादा म्हणाला तरीपण बागेत एकूण गांडूळ कमी नाहीत. खरंय, शेणखत भरपूर पडतं ना, ड्रिपरची ओल आहे. संख्या हीच एक गोष्ट बघितली असती तर सगळं आलबेल लिहून मोकळे झालो असतो.

२ सप्टेंबर

टाळण्याची चाचणी. डब्यात मधोमध आडोसा, एका बाजूला बागेची माती, दुसऱ्या बाजूला सोयाबीनच्या रानाची, आडोसा काढायचा, रेघेवर १० गांडुळं सोडायची, ४८ तासांनी आडोसा परत घालून मोजायचं. पाच डबे. शिवाय काही डब्यांत दोन्हीकडे एकच माती, तिथे निम्मी-निम्मी वाटली गेली तरच बाकीचं खरं धरायचं.

गांडुळं गांडूळखतवाल्याकडून आणलेली. जातीसाठी जरा अडलं, त्याच्याकडे आयसेनिया आणि युड्रिलस मिसळलेले, वेगळे करत दुपार गेली. आयसेनिया हे खतातलं गांडूळ, रानात राहत नाही, पण जगभरच्या चाचण्या त्याच्यावर आहेत म्हणून तुलनेला तेच.

निकाल: नुसती ०-२० एकत्र केलेली बागेची माती ठेवली तर गांडुळं तिच्याकडेच जास्त गेली! शेणखताचा वास, दुसरं काय. ०-५ ची माती ठेवली तर पाचपैकी चार डब्यांत जवळपास सगळी दुसऱ्या बाजूला. एकच बाग, एकच दिवस, फक्त खोली वेगळी. दादाने ९ जुलैच्या नोंदीखाली स्वतःच्या हाताने "०-५ वेगळं घेणं मान्य" लिहून सही केली.

५ सप्टेंबर

प्रजननाची चाचणी सुरू. मोठी गांडुळं २८ दिवस, मग ती काढायची, अंडीकोष तसेच आणखी २८ दिवस, मग पिल्लं मोजायची. वेळ खाते पण हीच खरी. तांब्याने गांडूळ मरायला फार लागतं, अंडीकोष कमी व्हायला त्याच्या कितीतरी कमी पुरतं. १४ दिवसांच्या मरणाच्या चाचणीत सगळी जिवंत राहिली म्हणून माती सुरक्षित म्हणणं म्हणजे गावात मयत नाही म्हणून शाळेत पोरं आहेत असं धरणं. ड्रिपरखाली ११ मध्ये पट्टेवाली २ होती, ते डोक्यात आहे.

बाजारातलं शुद्ध मोरचूद मातीत घालून चाचणी करणं सोपं, पण ताजं तांबं जास्त झोंबतं, पंचवीस वर्षं मुरलेलं वेगळं वागतं. म्हणून रानातलीच माती.

१९ सप्टेंबर

विहिरीजवळची, ड्रमात बोर्डो कालवायची जागा. आराखड्यात नव्हती, नानांनीच दाखवली. चार पावलांचा तुकडा, मातीवर निळसर पापुद्रा, गवत नाही. ३० सेंमीपर्यंत एक जीव नाही, ना गांडूळ, ना हुमणी, ना मुंगीचं बीळ. बागेच्या सरासरीत ही जागा कधी दिसली नसती आणि मिसळली असती तर सरासरीच बिघडली असती, म्हणून वेगळा नमुना, वेगळं नाव. नाना बराच वेळ खड्ड्याच्या काठावर बसून होते. मग म्हणाले ड्रम आता पत्र्याच्या ट्रेमध्ये ठेवतो आणि सांडलेलं परत टाकीत घेतो, त्याला काही खर्च नाही.

४ ऑक्टोबर

मोठी गांडुळं काल काढली, सगळी जिवंत, वजनात थोडा फरक. अंडीकोष आता डब्यांत आहेत, पिल्लांची मोजणी ३१ ऑक्टोबरच्या आसपास, डबा गरम पाण्यात ठेवला की पिल्लं वर येतात.

बागेत गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) सुरू झाली, काड्या ओळींत पडल्यात, म्हणजे पुढच्या पंधरवड्यात केवड्याच्या फवारण्या सुरू. त्याआधी सगळ्या खड्ड्यांच्या जागा पक्क्या केल्या, पुढच्या जुलैत याच जागांच्या हातभर शेजारी परत खणायचंय. मोबाइलचं लोकेशन मांडवाखाली चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं, आपल्याला सेंमी हवेत, म्हणून टेपने मोजलं. ओळ ६, पश्चिमेकडून तिसरा खांब, तिथून पूर्वेला २ मीटर १० सेंमी. ओळ ११, सातवा खांब, ९० सेंमी. ओळ १४, पाचवा खांब, १ मीटर ४५, हा ड्रिपर बदललाय, जुन्या ड्रिपरची खूण नानांनी नळीवर लाल चिंधीने बांधून ठेवली आहे.